गटार, ठराव आणि 'ऐनवेळचे विषय'

प्रश्न : मी 41 वर्षांची, बचत गटाची सचिव. मूळ गावापासून दीड किलोमीटरवर आमची वाडी आहे, 34 घरांची. सगळ्यांचं सांडपाणी रस्त्यावरून वाहत जाऊन जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर साचतं. पोरं दगडांवरून उड्या मारत वर्गात जातात. तीन वर्षं मी तोंडी सांगतेय. उत्तर एकच : "निधी नाही, आला की बघू." आमची ग्रामसभा झेंडावंदनानंतर भरते आणि चहा येईपर्यंत संपते. मग दोन दिवसांनी शिपाई वही घेऊन दारात येतो, "वहिनी, इथं एक सही." मी करते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गटाराचा विषय लावून धरायचा विचार आहे. सासरे म्हणतात, गावात वैर घेऊ नकोस. काय करू?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी ती सही बंद करा.

दारात घेतलेली सही ही साधी हजेरी नसते, तो कोरम असतो. ग्रामसभेला गणपूर्ती लागते : गावच्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. म्हणजे 520 मतदारांच्या गावाला 78 माणसं लागतात आणि मतदार 667 किंवा त्याहून जास्त असले की कितीही मोठ्या गावाला 100 पुरतात. झेंडावंदनाला शाळेची पोरं सोडली तर तीस-चाळीस माणसं असतात. उरलेल्या सह्या वही फिरवून पुऱ्या होतात. तुम्ही सही केलीत म्हणजे कागदावर तुम्ही हजर होतात आणि त्या दिवशीचे सगळे ठराव तुमच्या देखत झाले. उद्या तक्रार करायला गेलात की तीच वही तुमच्यापुढे उघडतील.

शिपायाशी भांडू नका, तो हुकमाचा ताबेदार. "मी सभेला नव्हते, पुढच्या वेळी येऊन तिथंच करीन," एवढंच म्हणा. गटातल्या बाकी बायकांनाही हेच सांगा.

दुसरं, तुमचा सगळा भर ग्रामसभेत बोलण्यावर दिसतो. बोला जरूर, पण ग्रामसभेतल्या भाषणानं गटार बांधलं गेल्याचं उदाहरण विरळाच. गटार बांधलं जातं ते तीन कागदांवर : सभेच्या नोटिशीतली विषयपत्रिका, प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहिलेला ठराव आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यातली नोंद. या तिन्हींत तुमचा विषय एकाच शब्दांत आला पाहिजे. एकात आला आणि दुसऱ्यात गळाला, की "आला की बघू" पुन्हा सुरू.

आता 'निधी नाही' या उत्तराकडे येऊ. ते बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं, म्हणून इथं जरा थांबायला हवं. ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचा पैसा येतो, तो दोन खिशांत. एक बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा, आणि एक अबंधित, म्हणजे मोकळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित अशी वाटणी होती. बंधितातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. समजा पंचायतीला वर्षाला 10 लाख मिळाले, तर 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला आणि 4 लाख मोकळे. हे मोकळे 4 लाख रस्ता, पेव्हर ब्लॉक, पथदिवे यांच्या मागणीत संपतात, कारण प्रत्येक सदस्याला आपल्या वॉर्डात दिसणारं काम हवं असतं. तुमची मागणी आजवर बहुधा 'रस्त्याचं काम' म्हणून ऐकली गेली असेल आणि तो खिसा खरोखरच रिकामा असेल. पण सांडपाण्याची विल्हेवाट ही स्वच्छतेच्या खिशातली गोष्ट आहे आणि त्या खिशातले पैसे रस्त्यावर घालता येत नाहीत. पुष्कळ पंचायतींत तेच पैसे मार्चअखेर पडून राहतात. मागणी तीच ठेवा, नाव बदला : 'रस्त्याकडेची गटार' नव्हे, 'सांडपाणी व्यवस्थापन'. पुढच्या वर्षाला कोणती वाटणी लागू आहे ते चालू परिपत्रकात असतं. ते भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, मागून डोळ्यांनी पाहा. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. गावात भाऊसाहेबच राहणार.)

आणखी एक विचारून ठेवा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती. तुमच्या वाडीत घरटी पाच माणसं धरली तर 170 जणांचे 47,600 रुपये होतात. रक्कम फार मोठी नाही. पण गावाच्या नावावर आलेले हे पैसे मूळ गावठाणात खर्च झाले की वाडीवरही काही झालं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. वाड्यांची लोकसंख्या निधी मागताना मोजतात आणि काम करताना विसरतात, ही जुनी खोड आहे.

'सांडपाणी व्यवस्थापन' म्हणायचं तर ते खरोखर तसं असलंही पाहिजे. नुसतं गटार बांधलं तर पाणी शाळेसमोरून उचलून कुणाच्या तरी बांधावर जाईल आणि सासऱ्यांना वाटतं ते वैर तिथून सुरू होईल. म्हणून जरा हिशेब करा. नळाचं पाणी माणशी दिवसाला 55 लिटर धरतात. त्यातलं साधारण 70 टक्के मोरीतून बाहेर पडतं. 170 माणसांचं झालं दिवसाला साडेसहा हजार लिटर. एवढं पाणी गटाराच्या टोकाला एकाच शोषखड्ड्यात सोडलं तर तो महिन्याभरात तुंबेल. घरटी पाहिलं तर मात्र हेच पाणी 190 लिटरच्या आसपास येतं, आणि मुरमाड जमिनीत मीटरभर लांब-रुंद-खोल शोषखड्डा ते सहज पितो. नांदेड जिल्ह्यात 'मॅजिक पिट' म्हणून जो प्रकार गाजला तो असाच : चार फुटांचा चौकोनी खड्डा, मधोमध वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, पाणी भोकांतून दगडांत जातं. अधूनमधून टाकीतला गाळ काढायचा. तो काढायचा राहिला की खड्डा बंद पडतो आणि लोक म्हणतात, "योजनाच फसवी."

तुमच्याकडं जमीन कुठली आहे ते बघा. भारी काळी माती असेल तर पाणी मुरत नाही, शोषखड्डे पावसाळ्यात उलटे भरतात. तशा ठिकाणी परसबाग किंवा शेवटाला स्थिरीकरण तळं, म्हणजे सांडपाणी साठवून हळूहळू निवळू देणारं तळं, हा मार्ग. मुरूम असेल तर घरोघरी शोषखड्डे आणि ज्यांच्या अंगणात जागाच नाही त्यांच्यासाठी छोटं बंदिस्त गटार, अशी जोड सगळ्यात स्वस्त पडते. एक खड्डा मीटरभर खणून त्यात दोन बादल्या ओता. तासाभरात पाणी दिसेनासं झालं तर जमीन कामाची. इंजिनिअर येण्याआधी एवढं तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मग टेप घेऊन मोजा. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, वाटेत किती घरं, उतार कुठल्या बाजूला, पाणी शेवटी कुणाच्या जमिनीत जाणार. तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना 23 म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का, हेही पाहून घ्या. नोंद नसेल तर "रस्ता आमच्या मालकीचा नाही" म्हणून काम अडतं आणि रस्ता जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असेल तर त्यांचा नाहरकत दाखला लागतो. हे ठराव झाल्यावर कळलं तर वर्ष गेलं म्हणून समजा.

आता अर्ज. तो ग्रामसभेत नेऊन द्यायचा नाही, आधी द्यायचा. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची चार दिवस आधी. नोटीस निघाली की विषयपत्रिका बंद झाली. म्हणून अर्ज 15 सप्टेंबरच्या आत आवक रजिस्टरला लागला पाहिजे. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. "शिक्का आज नाही" म्हणाले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

शब्दांचं महत्त्व बघा. बायकांचे अर्ज आम्ही पुष्कळ पाहतो, त्यांत असं असतं : "आमच्या वाडीत गटारीची सोय करावी ही विनंती." यावर ठराव होतो : "गावात आवश्यकतेनुसार गटारी करणेचे सर्वानुमते ठरले." आणि गटार होतं ते सदस्याच्या गल्लीत. ठरावाप्रमाणंच झालं ना! त्याऐवजी असं लिहा :

"…वाडी येथील मारुती मंदिर ते जि. प. प्राथमिक शाळा या रस्त्याच्या उत्तर बाजूने अंदाजे 160 मीटर बंदिस्त गटार बांधणे, तसेच वाडीतील जागा उपलब्ध असलेल्या घरांना वैयक्तिक शोषखड्डे करणे, हे काम सांडपाणी व्यवस्थापन या सदराखाली पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बंधित (स्वच्छता) निधीतून समाविष्ट करणे. सदर विषय दि. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा."

मीटर आणि नावं तुमची घाला. यात जागा आहे, लांबी आहे, निधीचा खिसा आहे, आराखडा आहे. यातला एकही शब्द पुढे गळू द्यायचा नाही. खाली किमान वीस सह्या, प्रत्येक सहीसमोर मतदार यादीतला अनुक्रमांक. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. पुण्याला नाव असलेला तुमचा दीर कितीही तावातावानं बोलला तरी त्याच्या सहीला इथं किंमत नाही. उलट नुकतीच 18 पूर्ण होऊन यादीत नाव लागलेली पोरगी पूर्ण सदस्य आहे.

महिलांची सभा विसरू नका. कायद्यानं प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सदस्यांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती फक्त प्रोसिडिंगमध्ये होते. बायकांना त्याचा पत्ता नसतो आणि सह्या मात्र असतात. तुमच्या हातात बचत गट आहे, म्हणजे तुमच्याइतकी सोय कुणाला नाही. अर्जातच शेवटी एक ओळ घाला : "महिला ग्रामसभेची तारीख व वेळ कळवावी." तिथं हा विषय आधी मंजूर करून घ्या. मग 2 तारखेला तुम्ही एकट्या उभ्या राहून मागत नाही, महिला सभेचा ठराव वाचून दाखवायला सांगता. दोन्हींत फार फरक पडतो.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं नाव ऐकलं असेल : "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. लोकांना घोषणा आठवते. त्या गावाची खरी ताकद मात्र ग्रामसभेबाहेरच्या अभ्यासगटांत होती, जिथं विषय आधी बसून समजून घेतला जायचा. तुमच्या गटाच्या मासिक बैठकीतला अर्धा तास याला द्या : वरचा लिटरचा हिशेब, बंधित-अबंधित, अर्जाची भाषा. पाच बायकांना हे पाठ असलं की सभेत कुणी "तुम्हाला काय कळतंय" म्हणायचं धाडस करत नाही.

सभेच्या दिवशी वेळेवर जा आणि पहिल्या विषयाला सावध राहा. तो नेहमी एकच असतो : 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. हे वाचलंच जात नाही. "वाचलं असं समजा" म्हणतात. हात वर करून म्हणा, "भाऊसाहेब, वाचा की." मागच्या सभेत तुमच्या वाडीच्या नावावर काय काय ठरलंय हे तेव्हा कळेल आणि कधी कधी आश्चर्याचा धक्काही बसेल.

विषयपत्रिकेच्या शेवटी आणखी एक ओळ हमखास असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. आमच्या मते ग्रामसभेतली सगळ्यात निसरडी जागा हीच. लोक चहाला उठतात आणि गायरानाची जागा देण्यापासून निधी दुसरीकडे वळवण्यापर्यंतचे ठराव इथं बसवले जातात. तुमचा विषय "ऐनवेळी घेऊ" म्हणाले तर मान्य करू नका, आवक क्रमांक सांगून तो पत्रिकेवर क्रमांकासह मागा. आणि शेवटपर्यंत थांबा.

कोरम नसेल तर तसं मोठ्यानं म्हणा आणि 'गणपूर्तीअभावी तहकूब' अशी नोंद करायला लावा. मात्र यात एक मेख आहे. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. वीस माणसांत सगळं मंजूर होतं. काही गावांत तर पहिली सभा मुद्दाम पडू दिली जाते. तहकूब सभेत नवे विषय घेता येत नाहीत, मूळ पत्रिकेवरचेच चालतात, म्हणून तुमचा विषय मूळ पत्रिकेवर असणं पुन्हा महत्त्वाचं. आणि तहकूब सभेला न चुकता जा. पहिलीला माणसं गोळा करून दुसरीला घरी बसलेल्यांची हार आम्ही पुष्कळदा पाहिली आहे.

ठराव झाला की तो तिथंच लिहून, वाचून दाखवायला सांगा : ठराव क्रमांक, मजकूर, सूचक, अनुमोदक. "घरी जाऊन फेअर करतो" यात सगळं बदलतं. ठरावाखाली रिकामी जागा सोडलेली दिसली तर रेघ मारून घ्या. रिकाम्या ओळीत नंतर काय वाढेल सांगता येत नाही. एखादा ठराव तुम्हाला मान्य नसेल तर 'सर्वानुमते' लिहू देऊ नका, "माझा विरोध नावानिशी नोंदवा" म्हणा.

पुढचं थोडक्यात. सभेनंतर आठवडाभरात ठरावाची नक्कल लेखी अर्जानं मागा. टाळलं तर माहितीचा अधिकार : दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकाच विषयावर 150 शब्दांच्या आत अर्ज, 30 दिवसांत उत्तर, न आल्यास पुढच्या 30 दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील. नकला मागण्याऐवजी 'अभिलेख पाहणी' मागितलीत तर पहिला तास फुकट असतो आणि वहीच समोर येते, हे जास्त उपयोगी. दरम्यान पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक झालंय का, विचारत राहा. अंदाजपत्रक नसेल तर आराखड्यातला आकडा हवेत असतो.

आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष निवडलं की कामांची यादी, रक्कम आणि निधीचा प्रकार दिसतो. गटातल्या एखाद्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला मोबाईलवर बघायला लावा. तुमच्या कामाचं नाव तिथं नसेल तर ठराव असूनही पैसे निघत नाहीत, कारण त्या यादीतल्या कामावरच बिल टाकता येतं. चूक राहिली असेल तर पुरवणी आराखडा करता येतो. तसं लेखी मागा.

विषय घेतलाच नाही, किंवा सभाच झाली नाही, तर आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे : आवक शिक्क्याची प्रत, नोटिशीचा फोटो, तारीख, एका पानात. कायद्यात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या आहेत आणि पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो, तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. हे हत्यार आहे खरं, पण पहिल्याच पत्रात काढू नका. काढलंत की गटार मागं पडतं आणि गावचं राजकारण पुढं येतं. पहिल्या पत्रात फक्त "विषय पुढील सभेत घेण्याबाबत सूचना द्याव्यात" एवढंच.

आणि नव्या आर्थिक वर्षाची पहिली ग्रामसभा चुकवू नका. ती एप्रिल-मेमध्येच व्हावी लागते, आणि तिच्यासमोर मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाची कामं आणि लेखापरीक्षणाच्या शंका व त्यांची उत्तरं ठेवायची असतात. स्वच्छतेच्या बंधित निधीतले किती शिल्लक राहिले, हा प्रश्न विचारायची जागा ती.

राहिलं सासऱ्यांचं. त्यांची भीती खोटी नाही. वाडीतल्या बाईनं एकटीनं पंचायतीला जाब विचारला असं चित्र झालं तर त्रास होतोच. म्हणून अर्जावर पहिली सही तुमची नको. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून साचलेल्या पाण्याबद्दल दोन ओळींचं पत्र घेऊन ते अर्जाला जोडा. पोरांचा विषय झाला की विरोधी पार्टीलाही नाही म्हणणं अवघड जातं. सभेआधी दोन बायका सरपंचांच्या घरी जाऊन या, अर्जाची प्रत द्या, "तुमच्याच हातून होऊ द्या" म्हणा. श्रेय त्यांना मिळालं तर तुमचं काही जात नाही. ठरावाची सूचक गटाची अध्यक्ष होऊ द्या. अनुमोदक म्हणून सासऱ्यांनाच विचारा. ते कदाचित नको म्हणतील, पण विचारलं नाही तर नक्की नाराज होतील.